कुत्रं जित्तं ऱ्हाऊ द्या

सोमवारची दुपार हुती. ह्ये चिंचोळीला कंपनीत, पहिल्या शिफ्टला. आत्या, म्हंजी माज्या सासूबाई, वळल्याल्या विड्या घिऊन कारखान्यात द्यायला गेलेल्या. घरात मी, झोळीत सात म्हयन्याची लेक, आन् गार फरशीवर पोट टाकून पडलेलं आमचं कुत्रं. भाईर ऊन असं की गल्लीत चिटपाखरू न्हाय. नुसती यंत्रमागाची खटाखट. ती आमाला ऐकूच येत न्हाय आता, बंद पडली तरच कान टवकारत्यात.

मी मांडीवर सूप घिऊन विडीची पानं कापत हुते. तेवढ्यात कुत्रं उटलं, पुढचे पाय फाकवले, मान जमिनीपतुर खाली घातली आन् नरड्यातनं असा आवाज काढला की मी कात्रीच टाकली. खोकला म्हनावा तर खोकला न्हाय, वकारी म्हनावी तर वकारी न्हाय. सायकलच्या पंपाचं भोक बोटानं दाबून पंप मारला की कसा आवाज येतो, तसा. हाक्, हाक्, हाक्. शेवटाला घर्र केलं आन् तोंडातनं पांढरा फेस पडला फरशीवर.

मला वाटलं, हाड. आदल्या दिवशी रविवार, मटन केलं हुतं, ह्यांनी नळी त्याला टाकलेली. मी म्हनले हुते, येवढं मोठं हाड टाकू नगा. तर ह्ये म्हनले, "मग कुत्र्याला काय शिरखंड टाकू?"

माज्या माहेरी माशाचा काटा अडकला की कोरड्या भाकरीचा घास न चावता गिळायला लावत्यात. मी फडक्यातली कडक भाकरी घेतली, मोडली, त्याच्या तोंडात कोंबली. ते बिचारं गिळायचं, परत मान खाली, परत हाक् हाक्, भाकरी फेसासकट भाईर. तीनदा केलं. चौथ्यांदा मी त्याचा जबडा धरला आन् दोन बोटं घातली की आत, पार पडजिभेपतुर. हाड न्हाय, काय न्हाय. त्याला ढास लागली, तोंड मिटलं, आन् माज्या बोटाच्या पेरावर दात घासला. चावलं न्हाय ते. तीन वर्सात कवा कुनाला चावलं न्हाय. नुसता दात घासला. पर रगत आलं, डाळिंबाच्या दान्याएवढं.

आन् लेक उटली, रडाया लागली. मी हात पदराला पुसला, तिला घेतली, पाजाया बसले. रोज करते तसंच. हात धुवावा येवढंबी डोक्यात आलं न्हाय.

लेक पीत हुती तवाच शेजारची अक्का आत आली. ती तेलगू, तिच्या घरीच टावेलाचा माग हाय, आन् तोंड मागापरीस जोरात चालतं.

"कसला आवाज गं? बाळाला काय..." म्हनत आली, फरशीवरचा फेस बगितला, कुत्र्याकडं बगितलं, आन् जाग्यावरनं मागं उडी मारली. "अय्यो! पिच्ची कुक्का! पिसाळलंय गं हे!"

"न्हाय ओ अक्का, हाड अडकलंय."

"हाडानं फेस येतो काय? आमच्या मामाच्या गावात असंच येक फेस गाळत फिरलं आन् सात जनांना चावलं. तुला चावलं का?"

मी हात पदराखाली लपवला.

"न्हाय."

"बाळाला?"

"न्हाय न्हाय, ती झोळीत हुती."

का लपवला म्हनून मी मलाच लई येळा इचारलं. येक तर कुत्र्याला मारतील ह्याची भीती. दुसरं, मी तोंडात बोटं घातली हे सांगायची लाज. आन् तिसरं मी तवा मनात पुरतं म्हनलंबी न्हाय. अक्का 'पिसाळलंय' म्हनली तवाच मी छातीपाशी बगितलं, तर लेक गटागटा पीत हुती. माज्या अंगात काय गेलं आसंल तर ते दुधात गेलं आसंल. मी तिला वडून बाजूला केली. ती किंचाळाया लागली. मी तिला परत लावली न्हाय.

अक्का भाईर जाऊन वरडली. आन् मग खटाखट बंद पडली. येक माग थांबला, मग दुसरा, मग सगळी गल्ली गपगार. चार-पाच मानसं दारात आली, येकाच्या हातात लाकडी दांडा.

मी कुत्र्याला पट्ट्याला धरून मोरीत ढकललं, भाईरनं कडी लावली आन् लेकीला कडंवर घिऊन दाराला पाठ लावून उभी ऱ्हायले.

"वैनी, बाजूला व्हा."

"ह्ये आल्यावर बगतील."

"पिसाळल्यालं कुत्रं शिफ्ट सुटायची वाट बगतंय व्हय?" येक जन म्हनला, आन् दोघं हासलेबी. आतनं कुत्रं खोकलं, हाक् हाक् हाक्, आन् हासनं थांबलं.

तेवढ्यात आत्या आल्या. डोक्यावर रिकामी पाटी, अंगभर घाम. "काय रं, माजी तिरडी बांधायला जमलाव काय? हटा." त्यांनी समद्यांना वट्ट्यावर घालवलं, पर मानसं तितंच बसली, उटली न्हायीत. आत्यांनी येकडाव मोरीकडं बगितलं, येकडाव माज्याकडं.

"पदराला रगत कशाचं?"

मी पदर मुठीत धरला.

"हात दाव."

दावला.

"पोरीला पाजलीस काय?"

"व्हय."

आत्यांनी लेकीला माज्या कडंवरनं काडून घेतली आन् तिला पदराखाली झाकली, जशी काय मी परकी. मग म्हनल्या, "सरकारी दवाखान्यात जा. आत्ता. पोटात चौदा सुया देतील, घे. मी हितं बसते."

ह्यांना फोन लावला तर बंद. कामावर त्यांचा फोन लाकरात ठिवाया लागतो. रिक्षात बसले. मागनं लेकीचं रडनं वळनापतुर ऐकू आलं, आन् माज्या छातीला दूध दाटून पोलकं भिजलं.

दवाखान्यात नर्स म्हनली, "धुतलं का?" मी म्हनलं, पुसलं. तिनं मला हाताला धरून नळाखाली नेलं, साबन दिला आन् म्हनली, मी थांब म्हनेपर्यंत धुवायचं. मी धूत ऱ्हायले. पानी तापल्यालं हुतं, नळाचं. बोट पांढरंफट पडलं तरी ती थांब म्हनंना.

डाक्टर बाई तरनी हुती. "पाळीव आहे का? लस दिलीय?"

"दोन वर्सामागं गल्लीत लसवाले आले हुते, आमच्या कुत्र्याला दिली का न्हाय ते ठावं न्हाय. कागद न्हाय."

"आता कुठं आहे कुत्रं?"

"मोरीत. लोकं मारायला बसल्यात वट्ट्यावर."

तिनं पेन खाली ठिवला. "मारू देऊ नका. नीट ऐका. ते दहा दिवस जिवंत आणि धडधाकट राहिलं, तर दात लागला त्या दिवशी त्याला रेबीज नव्हता हे आपल्याला नक्की कळतं. मारून टाकलं तर कसं कळणार? इंजेक्शनं मी आजपासून सुरू करते, पण ते कुत्रं जगायला पाहिजे."

"आन् दूध?" मी भिजल्याल्या पोलक्याकडं बगितलं. "मी पाजलं. त्याच्यानंतर पाजलं."

"दुधातनं जात नाही. पाजा बिनधास्त. फक्त इंजेक्शनं चुकवू नका."

सुई दंडात दिली. चौदा न्हाय, पोटातबी न्हाय. पर मला सुईचं कायबी वाटलं न्हाय, माजं ध्यान समदं त्या वट्ट्यावर. आत्यांकडं फोन न्हाय. ह्यांचा बंद. माज्या फोनात गल्लीतला येकच नंबर हुता, अक्काचा.

मी दवाखान्याच्या पायरीवर बसून लावला. तिनं उचलला तर मागनं मानसांचा गलका, आन् कुनीतरी म्हनत हुतं, कडी काड, कडी काड.

"अक्का, मी खोटं बोलले. मला दात लागलाय. मी बोटं घातली हुती त्याच्या तोंडात. आन् पोरीला पाजलं. अक्का, पाया पडते, त्याला मारू देऊ नगा. डाक्टर म्हनली, ते मेलं तर कायबी कळायचं न्हाय. ते जित्तं ऱ्हायलं तरच माजी पोरगी..."

अक्का माज्या कानात येवढ्या मोट्यानं वरडली की शेजारची बाई बगाया लागली.

"ए! ठेव रे तो दांडा! कुत्रं जित्तं पायजे! डाक्टरनी सांगितलं, कुत्रं मेलं तर पोरगी जाईल म्हनून! कोन हात लावतो बगते मी!"

डाक्टर असं म्हनलीच नव्हती. पर मी काय दुरुस्त केलं न्हाय.

घरी आले तर आत्या पोरीसाठी गाईचं दूध आनाया गेलेल्या, आन् अक्का मोरीच्या दाराला पाठ लावून पाटावर बसलेली, येका हातानं झोळीची दोरी हालवत. मानसं गेल्याली, खटाखट परत चालू. मला बगितलं की लागली, "खोटारडी! तीन वर्सं माज्या हातचं खातीस आन् मला खोटं बोलतीस? तुझं तोंड बगनार न्हाय मी." आन् तितनं उटली मातर न्हाय, ह्ये येईपतुर.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी सुट्टी टाकली, कुत्र्याच्या तोंडाला जुनं कापड बांदलं आन् आमी त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तितल्या डाक्टरनी हातमोजे घातले, आदी लांबनंच लई येळ बगत बसले. खातंय का, पानी पितंय का, अंगावर येतंय का, मालकाला वळखतंय का. मग नरड्यावर हळूच बोट दाबलं. लगेच हाक् हाक् हाक्.

"मागच्या पंधरवड्यात कुठं ठेवलं होतं का याला?"

लेकीच्या जावळाला आमी माज्या माहेरी अक्कलकोटाकडं गेलतो, तवा चार दिवस ह्यांनी त्याला कंपनीच्या गेटावर वॉचमनपाशी ठिवलं हुतं. तितं सात-आठ कुत्री आसत्यात.

"ती खोकत होती का?"

ह्यांनी मान खाली घातली. "व्हय. वॉचमन म्हनला, धुरानं खोकत्यात."

मी ह्यांच्याकडं बगितलं. मला येका शब्दानं सांगितलं नव्हतं. पर मी तरी कुनाला काय सांगितलं हुतं?

"हा कुत्र्यांचा लागट खोकला दिसतोय," डाक्टर म्हनले. "वर्गात एका पोराला सर्दी झाली की सगळ्यांना होते, तसला. घशात अडकल्यासारखा आवाज, वर फेस. रोज कुणीतरी येतं हाड अडकलं म्हणून. औषध देतो. पण दात लागलाय, तेव्हा दहा दिवस बांधून ठेवा, बघत राहा. दुसऱ्या कुत्र्यांजवळ सोडू नका. पाण्याचं भांडं वेगळं."

पान्याचं भांडं म्हनले आन् माज्या डोळ्यापुढं डोन आली.

लेक झाली तवा आत्यांनी नवस धरला हुता, पोरगी वरसाची हुईपतुर मुक्या जनावरांना दारात पानी ठिवीन. सिमेटची डोन आनली, दोन बायांना उचलत न्हाय येवढी. रोज सकाळी भरायची. शेरडं प्यायची, गाय प्यायची, गल्लीतली कुत्री, अक्काचं केसाळ बारकं कुत्रं, आन् आमचंबी. समद्यांची तोंडं त्येच्यातच. मागच्या आठवड्यापासनं आमचं कुत्रं बारीक बारीक खोकत हुतं आन् त्येच्यातच पीत हुतं, ते मला आठवलं.

तवाच सांगायला पायजे हुतं. मी सांगितलं न्हाय. डोन माज्या लेकीच्या नावाची. ती पालथी घातली आन् ह्या दहा दिवसांतच तिला काय झालं तर? मी येकडाव हात लपवला हुता, आता डोन लपवली.

मग दिवस मोजाया लागले. रोज उजाडलं की मी मोरीचं दार उगडायची आन् त्याच्यापुढं ताटलीत पानी ठिवायची. पिसाळल्यालं पान्याला भितं म्हनत्यात. ते चाटायला लागलं की मी श्वास सोडायची. पानी पिऊन झालं की ढास लागायची, परत फेस, आन् माजा श्वास परत अडकायचा. ह्ये दातन करत इचारायचे, "आज कितवा?" चौथा म्हनायची, पाचवा म्हनायची. तिसऱ्या दिवशी सुई घेतली. सातव्याला परत जायचं हुतं.

लेकीला आत्या मला पाजू देत नव्हत्या. "डाक्टरीन बाईचं काय जातंय म्हनायला? नात माजी हाय." त्या चमच्यानं तिला गाईचं दूध पाजायच्या, ती थुकायची, रडून रडून झोपायची. मी भितीकडं तोंड करून वाटीत दूध पिळायची. मोरीत वतू नये म्हनत्यात म्हनून दारातल्या कडुलिंबाच्या बुडात घालायची. मला डाक्टरनी हो म्हनलं हुतं, तरी मी आत्यांशी भांडले न्हाय. का, तर माज्याबी मनात हुतंच. डाक्टरचं आयकलं तर बरं वाटायचं, आन् कुत्रं खोकलं की ते बरं वाटनं निगून जायचं.

सातव्या दिवशी सकाळी मी सुईला निगाले हुते, तर अक्का तिचं केसाळ कुत्रं टावेलात गुंडाळून दारात. केस इस्कटलेले, डोळे रडून सुजलेले.

"बग! तुझ्या कुत्र्यानं माज्याला पिसाळवलं! रातीपासनं चालू हाय. मी तुझ्या कुत्र्याला वाचवलं, आन् माजंच..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्या टावेलातनं आवाज आला. हाक्, हाक्, हाक्, घर्र. तोच. सायकलच्या पंपाचा. आन् वट्ट्याखाली झोपल्यालं गल्लीतलं काळं कुत्रं उटलं, मान खाली घातली, तेबी, हाक् हाक्. आन् वळनावर आनि येक.

खरं सांगते, मला आनंद झाला. येवढा की मी दाराची चौकट धरली. समदी काय येका टायमाला, येकाच आवाजात पिसाळत न्हायीत. हा खोकलाच. लागट खोकला, डाक्टर म्हनले तसला. माजी पोरगी वाचली. मी हासाया लागले आन् डोळ्यांतनं पानी.

मग मी अक्काचं तोंड बगितलं. तिनं ते कुत्रं छातीशी असं धरलं हुतं, जशी मी लेकीला धरते.

"पिसाळलं न्हाय अक्का," मी म्हनले. "खोकला हाय. आमच्यापासनंच लागलाय. डोनीतनं. जनावरांचे डाक्टर म्हनले हुते, पानी येगळं ठिवा. मला तवाच कळलं हुतं. मी बोलले न्हाय."

"कवा कळलं?"

"मंगळवारी."

अक्कानं कुत्र्याला टावेलात आजून घट्ट गुंडाळलं. मागं आत्या उभ्या हुत्या, मला ठावं नव्हतं.

आत्या डोनीपाशी गेल्या. कडंला येक चिमनी बसल्याली, ती उडाली. त्यांनी पान्यात बगितलं, वर कुत्र्यांच्या लाळेचा तवंग हुता. "पुन्याईचं पानी म्हनून ठिवलं हुतं की गं," म्हनल्या, मला न्हाय, डोनीलाच. मग वाकल्या आन् काठाला हात घातला. हालंना. मी दुसऱ्या बाजूनं धरली. तरी हालंना. तवा अक्कानं तिचं कुत्रं पायरीवर ठिवलं आन् तिसरा हात लावला. डोन पालथी झाली. पानी गल्लीतनं वाहत गेलं, तापल्याल्या फरशीवर वाळतबी गेलं.

आत्यांनी हात लुगड्याला पुसले, आत गेल्या, लेकीला झोळीतनं काडली आन् माज्या मांडीवर आनून ठिवली.

"पाज."

मी तितंच पायरीवर बसले. आदी तिनं तोंड फिरवलं, मला वाटलं, इसरली का काय. मग धरलं.

त्या दिवशी सुईला उशीर झाला, पर गेले. येताना अक्काला घिऊन जनावरांच्या दवाखान्यात गेले, तिच्या कुत्र्याला ताप हुता, नाक वाहत हुतं, वयबी झाल्यालं. त्याला गोळ्या बारा दिवस द्यायच्या हुत्या. मी रोज जाऊन त्याचा जबडा धरायची, अक्का गोळी टाकायची. "बोट घालू नगंस," ती दर येळी म्हनायची. "तुला सवय हाय."

आत्यांनी नवस सोडला न्हाय. कुंभाराकडनं मातीची परळं आनली, येकेक दारात येकेक ठिवलं, आन् रोज सकाळी घासून, उन्हात पालथी वाळवून मगच भरायच्या. आमच्या कुत्र्याचं परळ मोरीतच.

दहाव्या दिवशी मी उजाडायच्या आदीच उटले. कडी काडली. ते उभंच हुतं, शेपूट हालवत. मी परळ पुढं सरकवलं. ते प्यालं, समदं प्यालं, वर तोंड केलं, येकडाव खोकलं आन् माज्या पायाशी यिऊन बसलं. मी त्याच्या डोक्यावर हात ठिवला. दहा दिवसांत पहिल्यांदा.

भितीपलीकडनं अक्काचा आवाज आला, "जित्तं हाय का गं?"

"हाय अक्का. तुमचं?"

"हाय की! रातभर खोकून आमच्या मालकाला झोपू दिलं न्हाय. बरं झालं, त्यो तरी घोरून मला इतकी वर्सं कुटं झोपू देतोय!"

आन् तिचा माग चालू झाला.